तांबेऱ्याचे नवे वंश कसे निपजतात

गव्हाची प्रतिकारक जातही कांहीं वर्षांनीं काळ्या तांबेऱ्यास बळी पडते; कारण ती बुरशी आपले गुण पालटते. गव्हावर असतां तिच्या पेशींत दोन केंद्रकें असतात. काडावर तीं एकजीव होऊन गुणांची नवी जुळणी होते; मात्र त्यांतून निघणारे बीजाणू गव्हावर नव्हे, बार्बेरीच्या झुडपावरच रुजतात. भारतांत तें झुडूप या कामीं येत नाहीं, असें आग्ऱ्याचे डॉ. करमचंद मेहता यांनीं १९४० च्या प्रबंधांत मांडलें. तथापि आकस्मिक गुणपालट थांबत नाहीं. शिवाय दोन वंश केंद्रकांची अदलाबदलही करितात. युगांडांत १९९८ सालीं आढळलेला उग्र वंश असाच उपजला, हें २०१९ सालीं उघड झालें. सबब शेतकरी बंधूंनीं साऱ्या शिवारांत एकाच जातीवर विसंबूं नये. निरनिराळ्या प्रतिकारक जाती पेराव्या.