तरावीहनंतरचा हिशेब

रमजान महिन्यात रात्रीचे दहा वाजायला आले की इचलकरंजीत मशिदींजवळच्या चहाच्या गाड्यांवर गर्दी होते. तरावीहच्या वीस रकात संपलेल्या असतात. दिवसभराचा रोजा मगरीबलाच सुटलेला असतो. सहेरीला उठायचे म्हटले तर झोपेला जेमतेम सहा तास उरतात, तरीही कुणी सरळ घरी जात नाही. डोक्यावरची टोपी खिशात जाते, चप्पल सापडते, आणि पावले आपोआप गाडीकडे वळतात.

बाकीचे अकरा महिने हेच मित्र एका गल्लीत राहूनही भेटत नाहीत. माग बारा तासांच्या पाळीने चालतो. एकाची दिवसपाळी, दुसऱ्याची रातपाळी. रस्त्यात गाठ पडली तर गाडी न थांबवताच विचारणा होते, “काय मर्दा, काय चाललंय?” आणि उत्तर ठरलेले, “चाललंय की.” या उत्तरात सगळे काही मावते. आजारपण, थकलेले वीजबिल, मुलीची फी, सगळे. रमजानात मात्र तीच माणसे रोज रात्री समोरासमोर बसतात. ‘चाललंय की’ फार तर चार रात्री पुरते. पाचव्या रात्री खरे बोलावे लागते.

अशाच एका गाडीवर गेली कित्येक वर्षे चौघांची बैठक आहे. चौघे एकाच शाळेत शिकलेले. एक यंत्रमाग कामगार. दुसरा विनाअनुदानित शाळेत शिकवतो, त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. तिसरा स्वतःचे माग असलेला, म्हणून तो ‘शेठ’. चौथा एका सायझिंगमध्ये दिवाणजी. तो हिंदू आहे, घरी जेवून बरोबर दहाला येतो. तरावीह किती वाजता संपते हे त्याला मशिदीतल्या काही मंडळींपेक्षा चांगले ठाऊक आहे.

‘शेठ’ हा शब्द बाहेरगावच्या माणसाला फसवेल. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गल्लीबोळांत कारखाने उभे राहिले. पण कारखाना म्हणजे दर वेळी श्रीमंती नव्हे. हा शेठ खर्चीवाला यंत्रमागधारक. बीम व्यापाऱ्याचे, बाण्याचे सूत व्यापाऱ्याचे, विणलेले कापडही व्यापाऱ्याचेच. याचे ते माग आणि त्यांची जागा. कापडाच्या पिकावर ठरलेली मजुरी मिळते, आणि तिच्यातून कामगार, कांडीवाली, जॉबर, वीजबिल, सुटे भाग असे सगळे भागवायचे. मजुरीचे बिल व्यापारी सवडीने देतो. कामगाराचा पगार मात्र दर आठवड्याला द्यावाच लागतो. या दोन तारखांमधले अंतर ज्याला भरून काढावे लागते, त्याला गावात शेठ म्हणतात.

त्याचे बारा माग होते. चार दोन वर्षांपूर्वी भंगारात गेले. ज्या मागावर वडिलांनी उमेदवारी केली तो वजनकाट्यावर किलोने मोजला गेला, हे त्याने मित्रांना तेव्हा सांगितले नव्हते. दिवाणजीला ते बाजारातून कळले होते आणि त्यानेही विषय काढला नव्हता.

यंदा रमजान आणि मार्च एकत्र आले. चांद्रवर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दर वर्षी मागे सरकतो. कधी मे महिन्याच्या उन्हात येतो, कधी श्रावणाच्या पावसात. मार्चमध्ये आला की त्याच्याबरोबर घरपट्टीची नोटीस येते, बँकेचे वर्षअखेर येते, मुलांच्या परीक्षा आणि पुढच्या वर्षाच्या फीचा आकडा येतो. गाडीवर त्यामुळे पैशाचाच विषय होता. सरांचा पगार तीन महिने झाला नव्हता. संस्थाचालक ‘ईदच्या आधी बघू’ म्हणाले होते, आणि कोणती ईद ते सांगितले नव्हते. सर यावर हसले, कारण ते नेहमीच हसतात. कामगाराच्या अंगावर मालकाची पाच हजारांची उचल होती. ती दर आठवड्याला थोडी थोडी कापली जात होती. त्याला काळजी होती ती घराच्या पत्र्यांची. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागली होती. यंदा भिशी लागली की पत्रे बदलायचे, असे त्याने बायकोला सांगून ठेवले होते.

शेठ काही बोलत नव्हता. चहाचे पैसे मात्र रोज तोच द्यायचा.

रमजानात अनेक मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. ज्याच्याकडे साडेबावन्न तोळे म्हणजे 612.36 ग्रॅम चांदी किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक गरजा भागवून वर्षभर राहिली, त्याने तिच्यातून अडीच टक्के द्यायचे. नुसते सोनेच असेल तर मर्यादा साडेसात तोळ्यांची. राहते घर, वापरातली गाडी, धंद्याची अवजारे यांवर जकात नाही. मागावर जकात नाही. मागावर विणून विक्रीला ठेवलेल्या स्वतःच्या कापडावर आहे. आणि द्यायचे असलेले कर्ज आधी वजा करायचे. हा शेवटचा नियम लोक सर्वांत कमी लक्षात ठेवतात. विशेषतः ज्यांच्या दारात सत्ताविसाव्या रोज्याला माणसे येऊन थांबतात, ते.

शेठच्या दारात अशी माणसे थांबत. त्याच्या वडिलांच्या काळापासून थांबत आली होती.

पंधराव्या रोज्याच्या सुमारास त्याने दिवाणजीला सहज विचारल्यासारखे केले, “जरा माझा जकातीचा हिशेब मांडून दे की. यंदा डोकं चालंना.” दिवाणजीने खिशातली वही काढली. दर वर्षी सरांच्या तोंडून ऐकून ऐकून त्याला नियम पाठ झाले होते. हातात किती? येणे किती? व्यापाऱ्याकडे पस्तीस हजार. सूत? ते व्यापाऱ्याचे. सोने? बायकोचे, आणि तिचा हिशेब वेगळा. देणे?

इथे शेठ थांबला. मग एकेक आकडा निघू लागला. बँकेचे दोन हप्ते थकलेले. पतसंस्थेचे वेगळे. वीजबिलाची बाकी. आणि शेवटी, आवाज खाली आणून, एका सावकाराचे चाळीस हजार, शेकडा तीनने.

“हे कवा घेतलंस?” सरांनी विचारले.

“गेल्या रमजानात.”

“कशाला?”

उत्तर यायला वेळ लागला. कामगारांचा पगार अडला होता, ईदचे कपडे होते, आणि जकात वाटायची होती. त्यातले अकरा हजार दारात आलेल्यांना वाटले होते.

दिवाणजीने वहीच्या कोपऱ्यात एक छोटा गुणाकार केला. महिन्याला बाराशे व्याज. वर्षाला चौदा हजार चारशे. “अकरा हजार वाटलंस,” तो म्हणाला, “आणि वाटल्याबद्दल चौदा हजार चारशे भरलंस. मुद्दल हाय तिथंच हाय.”

यात कुणाला हसू आले नाही. इस्लाममध्ये व्याज घेण्याइतकेच देणेही निषिद्ध, हे चौघांपैकी तिघे मदरशात शिकले होते आणि चौथा ऐकून होता. जकात ही शिलकीतून काढायची असते, उसनवारीतून नव्हे. हिशेबाने पाहिले तर शेठवर गेल्या वर्षीही जकात लागू नव्हती. त्याने जे वाटले ते वडिलांचे नाव, दारातली रांग आणि ‘शेठ’ हा शब्द सांभाळण्यासाठी वाटले होते.

त्या रात्री सर एक वाक्य जास्त बोलले. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकात कुणाला द्यायची याचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यात कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. सर म्हणाले, “म्हणजे नियमानं बघितलं तर तू देणाऱ्यात न्हाईस, घेणाऱ्यात आहेस.”

शेठ उठला. चहाचे पैसे दिले आणि काही न बोलता निघून गेला.

सरांची चूक वाक्याच्या अर्थात नव्हती. जकात घेणारा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे कटोरा येतो. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि नावावर कारखाना असलेला माणूस येत नाही. खरे तर देताना ‘ही जकात आहे’ असे सांगण्याचीही गरज नसते. देणाऱ्याच्या मनात तो इरादा असला की पुरते, असे हनफी उलमा सांगतात. ही मुभा नेमकी अशाच माणसांच्या उपयोगाची आहे. सरांनी ती वापरली नाही, आणि चारचौघांत, गाडीवर, चहा ओतणाऱ्या पोराच्या देखत बोलून बसले.

तीन रात्री शेठ आला नाही. तरावीहला असायचा, पण पहिल्या सफेत उभा राहून दुसऱ्या दाराने निघून जायचा. गाडीवर तिघेच बसत, आणि तिघांत बोलणे चालत नसे.

चौथ्या दिवशी कामगाराची बायको शेठच्या घरी इफ्तारीची भजी घेऊन गेली. रमजानात शेजारी ताट धाडायला निमित्त लागत नाही. परत आली ती वेगळीच बातमी घेऊन. भाभींना सावकाराचे सगळे ठाऊक होते. वर्षभर त्या परकर शिवून व्याजाला हातभार लावत होत्या आणि नवऱ्याला ‘माहेरून आले’ म्हणून सांगत होत्या. नवऱ्यालाही ते माहेरचे नाहीत हे कळत होते. दोघेही एकमेकांना कळू देत नव्हते.

पुढच्या रात्री कामगार तरावीह संपण्याआधीच दुसऱ्या दारापाशी जाऊन उभा राहिला. शेठ बाहेर आला तसा त्याने त्याचा हात धरला. “चहा प्यायला चल. सर काय बोलणार न्हाईत, मी त्यास्नी दम दिलाय.”

गाडीवर त्याने विषय काढला तो भिशीचा. गल्लीतल्या पंधरा जणांची भिशी, महिन्याला दोन हजार, म्हणजे तीस हजारांची उचल. या महिन्याचा नंबर त्याचा होता. तो शेठला घ्यायला सांगत होता. शेठचा नंबर होता तो सहा महिन्यांनी.

“आणि पत्रं?” शेठने विचारले.

“पत्र्यांचं बघू.”

“न्हाय. तुझं पैसं मी घेणार न्हाय.”

“पैसं माझं कुठं? भिशीचं हायत. नंबर बदलतोय फक्त. तुझा आला की मी घेणार.”

हा युक्तिवाद पक्का नव्हता, कारण सहा महिन्यांत पावसाळा येऊन जातो, हे गाडीवरच्या प्रत्येकाला कळत होते. पण शेठने ‘न्हाय’ पुन्हा म्हटले नाही. उरलेल्या दहा हजारांचे दिवाणजीने पाहिले. त्याच्याकडे मुलाच्या ॲडमिशनसाठी ठेवलेले पैसे होते, ते जूनपर्यंत लागणार नव्हते. व्याज नाही, मेअखेर परत. ज्याला मुसलमान कर्ज-ए-हसना म्हणतात, ते दिवाणजीच्या वहीत ‘हातउसने’ या नावाने लिहिले गेले. तारीख, रक्कम, परतीची मुदत, दोघांच्या सह्या, आणि साक्षीला सर व कामगार. मित्रामित्रांत कागद कशाला, असे शेठ म्हणाला. त्यावर सरांनी कबूल केलेले मौन मोडले. कुरआनमधली सर्वांत मोठी आयत नमाजीवर किंवा रोज्यावर नाही, ती उसनवारी लिहून ठेवण्यावर आहे; साक्षीदारांसकट. सूरह बकराह, आयत 282. दिवाणजी म्हणाला, “बघा. आम्ही सायझिंगमध्ये रोज तेच करतोय.”

कर्जाचे ओझे इस्लामने किती गंभीरपणे घेतले आहे याचा एक प्रसंग हदीसमध्ये येतो. एका मृताचा जनाजा आणला गेला. त्याच्यावर देणे आहे आणि मागे काही ठेवलेले नाही, असे कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः नमाज पढवण्यास नकार दिला आणि सोबत्यांना ती पढायला सांगितली. अबू कतादा (रजि.) यांनी ते देणे आपल्या अंगावर घेतले तेव्हाच प्रेषितांनी नमाज पढवली. ही हदीस मशिदीत कर्जदाराला धाक घालण्यासाठी पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यात अबू कतादाही आहेत, हे सांगायचे बहुतेक वेळा राहून जाते.

सावकाराचा हिशेब तेविसाव्या रोज्याला मिटला. बँक, पतसंस्था आणि वीजबिल आहेतच. ते एका रमजानात मिटणारे नाहीत, आणि व्यापाऱ्याने मजुरी वेळेवर दिल्याशिवाय पुढच्या रमजानातही मिटणार नाहीत. सत्ताविसाव्या रोज्याला दारात माणसे आली. शेठने त्यांना यंदा जमत नाही म्हणून सांगितले. एक म्हातारी जाताना म्हणाली, “पोरा, तुझ्या बानंबी एक साल असंच सांगितलं होतं.” ही गोष्ट शेठला माहीत नव्हती. त्याने ती रात्री गाडीवर दोनदा सांगितली.

चहाचे पैसे त्या रात्री सरांनी दिले. पगार अजून झाला नव्हता.

“पत्रं पावसाच्या आधी टाकायला पायजेत,” शेठ म्हणाला. “मागाच्या शेडवरनं निघालेलं जुनं चार पत्रं माझ्याकडं पडून हायत. गंजल्यात, पण भोकं न्हाईत.”

“लांबी किती?” कामगाराने विचारले.

“दहा फुटी.”

“मग ईद झाल्यावर मापं घेऊया.”