डांबरी रस्त्याचे आयुष्य दबाईवर अवलंबून

पावसाळा ओसरला की गोव्यात गावोगावी डांबरीकरणाची कामे सुरू होतात. रस्ता काळाभोर व गुळगुळीत दिसला म्हणजे काम उत्तम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः रस्त्याचे आयुष्य त्याच्या रंगावर नव्हे, तर थराच्या दबाईवर अवलंबून असते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

डांबर तापविल्यावर पातळ होऊन खडीला चिकटते व निवल्यावर घट्ट होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस तापमानाचे असावे आणि ते ९० अंशांखाली उतरण्यापूर्वी दबाई पूर्ण व्हावी. या दोन आकड्यांमधील अल्प अवधीतच रस्त्याचे भवितव्य ठरते. निवलेल्या मिश्रणावर रोलर कितीही फिरविला तरी खडी एकमेकींत नीट बसत नाही व पोकळ्या राहतात. पावसाचे पाणी त्यांत शिरते, डांबर खडीपासून सुटते आणि खड्डे पडतात.

मिश्रण पसरण्यापूर्वी जुना पृष्ठभाग झाडून त्यावर डांबराचा पातळ फवारा मारतात. त्यामुळे दोन्ही थर सांधले जातात. रोलर कडेकडून मध्याकडे आणि उताराच्या वळणावर खालच्या कडेकडून वरच्या कडेकडे नेतात. प्रत्येक फेरीत चाकाचा किमान एक-तृतीयांश भाग आधीच्या पट्ट्यावर यावा लागतो. वेग ताशी ५ किलोमीटरहून अधिक नसावा. मिश्रण चिकटू नये म्हणून चाके ओलसर ठेवतात. गरम थरावर रोलर उभा करीत नाहीत. कारण तेथे खळगा होऊन पाणी साचते.

पाऊस पडत असताना अथवा पृष्ठभाग ओला असताना मिश्रण पसरता येत नाही. अशा वेळी अभियंत्याने काम थांबविले किंवा निवलेले मिश्रण परत पाठविले, तर ग्रामस्थांनी ती दिरंगाई समजू नये. घाईने उरकलेला रस्ता पुढच्याच पावसात उखडतो आणि त्याचा भुर्दंड अखेर जनतेलाच सोसावा लागतो.

दबाईनंतर साधारणतः २४ तास नव्या थरावर वाहने नेऊ नयेत. नळजोडणीसाठी खोदाई करावयाची असल्यास ती डांबरीकरणापूर्वीच उरकून घ्यावी. परसातील वा शेतातील पाणी रस्त्यावर सोडू नये आणि कडेची गटारे व मोऱ्या पावसाळ्यापूर्वी मोकळ्या कराव्यात. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सुरक्षित अंतरावरून हे काम अवश्य दाखवावे. उष्णता व दाब यांचा पाठ तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. रस्ता बांधण्याचे काम खात्याचे असले, तरी तो टिकविणे हे खाते आणि ग्रामस्थ या दोघांचेही कर्तव्य आहे.