हुरड्याच्या पंगतीसाठी कडधान्यविरहित वांग्याचे भरीत

मार्गशीर्ष संपून पौष लागला की परभणी जिल्ह्यातील रब्बी ज्वारीच्या शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटू लागतात. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत ही ज्वारी चांगली येते. दाणा चिकात असून भरू लागला की कणसे निखाऱ्यात भाजून, हातावर चोळून हुरडा खावयाचा, ही येथील जुनी रीत आहे. पूर्वी हा कार्यक्रम घरच्या माणसांपुरता आणि सोयऱ्याधायऱ्यांपुरता असे. आता शहरातील पाहुणे पैसे देऊन शेतावर हुरडा खावयास येतात आणि एका वेळी पन्नास-शंभर माणसांची पंगत बसते. अनेक शेतकरी कुटुंबांना यातून हिवाळ्यात जोड-उत्पन्न मिळू लागले आहे.

हुरड्याबरोबर तोंडीलावणे लागतेच. ते बहुधा शेंगदाण्याचे असते. भुईमुगाच्या शेंगांची चटणी, दाण्याचे कूट घातलेले दही, दाण्याच्या तेलातील ठेचा, सोबत भाजलेल्या हरभऱ्याचा हुळा, असा बेत सर्वांच्या आवडीचा असला तरी सर्वांना चालणारा नसतो. काही माणसांना शेंगदाणा किंवा कडधान्ये अजिबात सोसत नाहीत. अशा माणसाच्या पोटात चमचाभर कूट गेले तरी त्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात आणि क्वचित श्वास कोंडून जिवावर बेतते. याकरिता प्रत्येक पंगतीत निदान एक पदार्थ असा असावा की, जो कोणत्याही शेंगवर्गीय जिनसाविना तयार झालेला आहे. वांग्याचे भरीत हा असा पदार्थ होय. तो स्वस्त आहे, शेतातच तयार होतो आणि हुरडा व भाकरी या दोहोंबरोबर चालतो.

शेंगवर्गीय जिन्नस कोणते?

कडधान्य म्हटले की तूर, मूग, उडीद, हरभरा, मटकी, वाटाणा, पावटा आणि चवळी एवढीच नावे सांगितली जातात. परंतु भुईमूग व सोयाबीन ही गळिताची पिके म्हणून ओळखली जात असली तरी तीही शेंगवर्गीयच आहेत. मेथी भाजीत गणली जाते, पण तिचे कूळ तेच. काही माणसांना भुईमुगाबरोबर मेथीही बाधते, म्हणून फोडणीत मेथ्या टाकू नयेत. चिंचही याच मोठ्या कुळातील झाडाची शेंग होय. म्हणून आंबटपणासाठी लिंबू वापरणे सुरक्षित ठरते.

मराठवाड्यातील घरोघरी असणारे येसर विशेष लक्षात ठेवावे. त्यात धान्याबरोबर हरभऱ्याची डाळ भाजून दळलेली असते. भरीत दाट व्हावे म्हणून चिमूटभर येसर किंवा बेसन लावण्याची सवय असल्यास ती या भरितापुरती सोडावी. तयार काळ्या मसाल्यात काय काय पडले आहे हे ठाऊक नसेल तर तोही घालू नये.

तेलाचाही विचार करावा. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा किंवा सोयाबीन तेलात प्रथिनांचा अंश जवळजवळ उरत नाही. परंतु घाण्यावर काढलेल्या तेलात तो राहतो. परभणी भागात यावर सोपा उपाय आहे, तो म्हणजे करडईचे तेल. करडई हे येथील रब्बीचे जुने पीक. परभणी येथे 1972 साली स्थापन झालेल्या आणि 2013 पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने करडईचा ‘परभणी कुसुम’ हा वाण दिला आहे. याच विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हा ज्वारीचा वाण खास हुरड्यासाठी आहे. म्हणजे हुरडा, तेल आणि वांगी या तिन्ही वस्तू एकाच शिवारातून घेता येतात. मात्र करडईचे तेल ज्या घाण्यावर काढावयाचे, तेथे आधी शेंगदाणा गाळला असल्यास घाणा स्वच्छ करून घ्यावा.

वांगी कशी निवडावीत?

भरिताची चव निम्मी निवडीतच ठरते. वांगे मोठे, तुकतुकीत आणि आकाराच्या मानाने हलके असावे. जड वांग्यात बी अधिक असते. अंगठ्याने किंचित दाबले असता साल दबून पुन्हा वर यावी. चकाकी गेलेले, पिवळट पडलेले वांगे जून समजावे. त्याचे बी कडवट लागते. जळगाव जिल्ह्यातील भरिताच्या हिरव्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती मिळाल्यास उत्तम, पण कमी बियांची व जाड गराची कोणतीही स्थानिक मोठी वांगी चालतात.

पौषात वांगी हाती यावयाची असल्यास भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरात, पुनर्लागण झालेली असावी. रोप तयार होण्यास पाच ते सहा आठवडे लागतात आणि लागणीपासून सुमारे दोन महिन्यांनी तोडणी सुरू होते. ज्यांना हुरड्याचे पाहुणे घ्यावयाचे आहेत, त्यांनी ज्वारीच्या पेरणीबरोबरच या वांग्यांचा हिशेब मांडावा.

शेंडे व फळे पोखरणारी अळी हा वांग्याचा मुख्य शत्रू. छिद्र असलेले, छिद्रापाशी विष्ठा दिसणारे फळ भरितास घेऊ नये. भाजलेल्या फळातील अळी गरात मिसळून जाते आणि मग ती ओळखता येत नाही. या अळीच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत फवारणी होते. हे पाहुण्यांना विष वाढण्यासारखेच आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत हे छापलेले असते. तेवढे दिवस गेल्यावाचून फळ तोडू नये. भाजल्याने किंवा साल काढल्याने औषधाचा अंश पूर्णपणे निघून जातो, असे मानू नये. सुकलेले शेंडे खुडून नष्ट करणे, किडकी फळे शेतात न टाकता पुरणे, कामगंध सापळे लावणे आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारणे हे उपाय वेळेवर केल्यास विषारी फवारणीची गरज बरीच कमी होते.

पन्नास माणसांसाठी साहित्य

वांगी 10 किलो, हिरव्या मिरच्या 200 ग्रॅम, सोललेला लसूण 150 ग्रॅम, कांद्याची कोवळी पात 1 किलो, कोथिंबीर 300 ग्रॅम, करडईचे तेल 400 ग्रॅम, जिरे व मोहरी प्रत्येकी 30 ग्रॅम, हळद 15 ग्रॅम, मीठ सुमारे 90 ग्रॅम आणि लिंबे 8. मीठ आधी थोडे कमी घालून चव पाहून वाढवावे. दाण्याच्या कुटाऐवजी दाटपणा हवा असल्यास 300 ग्रॅम तीळ भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत. तीळ शेंगवर्गीय नाहीत, तथापि काही थोड्या माणसांना तेही बाधतात. म्हणून ते सर्व भरितात न मिसळता ज्याला हवे त्याने वरून घ्यावेत. 10 किलो वांगी भाजून व सोलून साधारणपणे 6 किलो गर मिळतो.

कृती

वांगी धुऊन कोरडी पुसावीत. देठ ठेवावा, कारण सोलताना धरण्यास तो उपयोगी पडतो. प्रत्येक वांग्यास बोटभर तेल लावून सुरीने तीन-चार ठिकाणी टोचावे. न टोचलेले वांगे आतील वाफेने फुटते आणि गर आगीत सांडतो.

गोवऱ्यांची किंवा बाभळीच्या वाळक्या लाकडांची आगटी पेटवून ज्वाळा शमू द्याव्यात आणि निखाऱ्यांवर वांगी मांडावीत. ज्वाळेवर साल लवकर जळते व गर कच्चा राहतो. दर तीन-चार मिनिटांनी वांगे फिरवावे. साल सगळीकडून काळी पडून सुटू लागली, देठाजवळचा भाग दाबल्यावर मऊ लागला आणि रस फुटू लागला म्हणजे वांगे भाजले असे समजावे. देठाजवळचा भाग सर्वांत शेवटी शिजतो, म्हणून परीक्षा तेथेच करावी. हरभऱ्याचा हुळा ज्या आगटीत भाजला असेल, तीत ही वांगी भाजू नयेत. त्यांच्यासाठी वेगळी आगटी करावी.

भाजलेली वांगी पातेल्यात घालून दहा मिनिटे झाकून ठेवावीत. वाफेने साल सैल होते. मग साल हाताने काढावी. वांगी पाण्याखाली धरून सोलू नयेत; तसे केल्यास धुराचा खमंगपणा व रस दोन्ही वाहून जातात. गर चाळणीत पाच मिनिटे निथळावा आणि उघडून एकदा नजरेखालून घालावा.

कच्चे वांगे चिरताच काळे पडते, कारण त्यातील तुरट द्रव्ये हवेशी मिळून रंग बदलतात आणि वांग्यातीलच एक द्रव्य या क्रियेस चालना देते. पूर्ण भाजण्याने ते द्रव्य निकामी होते. म्हणूनच नीट भाजलेल्या वांग्याचे भरीत फिकट राहते, आणि अर्धवट भाजलेल्याचे काळवंडते.

मिरच्या व लसूण निखाऱ्यावर भाजून मिठाबरोबर काठवटीत ठेचावेत. त्यात गर घालून लाकडी दांड्याने घोटावा; गराचे धागे थोडे राहू द्यावेत. तेल तापवून मोहरी, जिरे व हळद यांची फोडणी करावी आणि ती गरावर घालून सर्व भरीत पुन्हा चुलीवर चांगले वाफ येईपर्यंत परतावे. कांद्याची पात, कोथिंबीर व लिंबाचा रस अगदी वाढण्याच्या वेळी घालावा.

दह्याचे भरीत आवडत असेल तर वाढण्यापुरता भाग निवू देऊन त्यात ताजे, घट्ट दही मिसळावे. दही व लिंबू घातलेला पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. आंबटपणाने धातूचा अंश अन्नात उतरतो व पोटास अपाय होतो. स्टीलचे किंवा मातीचे भांडे योग्य.

पंगतीतील खबरदारी

भरितात कूट घातले नाही एवढ्याने ते निर्धोक होत नाही. ज्या काठवटीत सकाळी शेंगदाण्याची चटणी कुटली, तीतच भरीत घोटले तर सर्व श्रम व्यर्थ जातात. लाकडाच्या भेगांत कूट राहते आणि ते धुऊनही सहज निघत नाही. म्हणून भरितासाठी काठवट, दांडा व पळी वेगळी ठेवावी, किंवा स्टीलची परात घासून वापरावी. भरीत पहिल्यांदा करावे आणि चटण्या नंतर कुटाव्यात. वाढताना भरिताचे पातेले पंगतीच्या एका टोकास व शेंगदाण्याचे पदार्थ दुसऱ्या टोकास ठेवावेत. चटणीची पळी भरितात बुडू नये, यावर एका माणसाने लक्ष ठेवावे.

पाहुणे येण्यापूर्वीच त्यांना विचारावे की, कोणाला कोणता पदार्थ बाधतो काय. बाजारातील बंद पाकिटांवर भुईमूग व सोयाबीन यांचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे. शेतावरच्या पंगतीत ते काम यजमानाच्या जिभेने करावयाचे असते. इतके करूनही कोणाचे ओठ सुजू लागले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका शिळेपणाचा. भाजलेला गर मऊ, ओलसर व कमी आंबट असल्याने त्यात रोगजंतू लवकर वाढतात. भरीत कोमट स्थितीत दोन तासांहून अधिक ठेवू नये. मोठ्या पंगतीस सर्व भरीत एकदम न करता दोन घाणांत करावे. दही घातलेले उरलेले भरीत दुसऱ्या दिवशी वाढू नये.

भरिताकडून किती अपेक्षा करावी?

वांग्यात नऊ-दशांशाहून अधिक पाणी असते. प्रथिने फारच थोडी. म्हणून भरीत हे डाळीची जागा घेते, असे कोणी समजू नये. ज्याला कडधान्ये चालत नाहीत, त्याच्या ताटात भरिताबरोबर ज्वारीची भाकरी आणि दही, ताक किंवा दूध असावे. ज्याला वांगेच खाजवते, त्याच्यासाठी लाल भोपळा वाफवून, कुस्करून त्याला दही व जिऱ्याची फोडणी द्यावी. तेही भरीतच होय. भोपळा महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तो घरात ठेवणे सोयीचे पडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी महिला बचत गटांपुढे एकदा हे भरीत प्रत्यक्ष करून दाखवावे. कृती बायकांना आधीच येते. दाखवावयाचे ते वेगळी काठवट, फवारणीचे पाळलेले दिवस आणि पाहुण्यांना आधी विचारण्याचा प्रघात. आपल्याकडे पंगतीतून कोणी उपाशी उठू नये, असा दंडक आहे. ज्याला शेंगदाणा चालत नाही, तो माणूस आजवर हुरड्याच्या आगटीपाशी बसून कोरडा हुरडा चघळत असे, किंवा भीड पडून नको ते खात असे. त्याच्याही भाकरीवर निःशंकपणे काही वाढता आले, तर त्या शेतावरची पंगत खऱ्या अर्थाने पुरी झाली असे म्हणता येईल.