नकाशाच्या आत जाऊन पाहिलेले नवे कार्यालय



गेल्या दिवाळीच्या साखर वाटपाच्या वेळची गोष्ट. शेअर्स विभागात सही करण्यासाठी आलेले आपले एक जुने सभासद कार्यालयासमोरच्या लिंबाखाली चाकाच्या खुर्चीत दोन तास बसून होते. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून त्यांचे दोन्ही पाय गेले, त्याला आता पाच हंगाम झाले. गावात सारे त्यांना आबाच म्हणतात. शेवटी शिपायाने रजिस्टर खाली आणून सही घेतली. "काय आबा, झालं का काम?" असे आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, "काम झालं हो. पण पाच वर्षांत हापिस आतनं बघितलं नाही. पाय तर राहिले नाहीत, चाक तरी टेकू द्या की!"

तसे पाहिले तर पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार आपण बांधलेला आहे. पण त्याचा हिशेब मांडून बघा. पायऱ्या ५, प्रत्येक ६ इंचांची, म्हणजे चढ अडीच फुटांचा. उताराची लांबी १० फूट. म्हणजे ४ फुटांमागे १ फूट चढ! मान्य प्रमाण १२ फुटांमागे १ फुटाचे आहे. त्या हिशेबाने उतार ३० फूट लांब हवा, शिवाय मध्ये दम खायला सपाट जागा हवी. पाटाच्या ढाळासाठी इंचाइंचाने भांडणारे आपण, इथे मात्र सगळे अंदाजपंचे झाले. दोघांनी ढकलली तरी खुर्ची मागे येते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात इमारती सुगम असाव्यात असे स्पष्ट आहे. पण कागदावर "उतार आहे" एवढे लिहून आपण मोकळे झालो.

आता नव्या कार्यालयाचा व सभागृहाचा आराखडा तयार होत आहे. नकाशा भिंतीवर लावला तेव्हा आम्हीही तो पाहून माना डोलावल्या. खरे सांगायचे तर दार कुठे आणि खिडकी कुठे, याच्यापलीकडे आम्हाला फारसे काही उमगले नव्हते.

आपल्याच एका सभासदाची मुलगी आर्किटेक्चर शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिने तो नकाशा संगणकात भरला आणि डोळ्यांवर चढवायचा एक जाड चष्मा घेऊन आली. या विद्येला व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव म्हणतात. दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात, मान वळवली की चित्रही वळते, आणि पाया खणण्याआधीच माणूस इमारतीत जाऊन आल्यासारखा होतो. नजर किती उंचीवर ठेवायची तेही ठरवता येते. उभ्या माणसाची नजर पाच-सव्वापाच फुटांवर असते, खुर्चीत बसलेल्याची चारच्या आसपास. तिने चारवर लावली आणि चष्मा आबांना दिला.

पहिल्यांदा ते गप्पच होते. मग म्हणाले, "बिलाच्या खिडकीत मला कारकुनाचं डोकं तेवढं दिसतंय, पोरी." खिडकीचा कट्टा साडेतीन फुटांचा धरलेला होता. पुढे संडासाचे दार सव्वादोन फुटांचे, तेही आत उघडणारे. खुर्ची आत गेलीच तर दार लागायचे नाही. खुर्ची जागच्या जागी वळवायला ५ फुटांचा मोकळा गोल लागतो, तो तिथे नव्हताच. आम्ही चौघांनी तो नकाशा दहा वेळा पाहिला होता, एकालाही हे दिसले नाही.

सगळ्यात शेवटी सभागृह. व्यासपीठाला तीन पायऱ्या, आणि सभासदांनी बोलायचा माईक वर. आबा बराच वेळ त्या पायऱ्यांकडे बघत राहिले. एक सभासद, एक मत, असे आपण दर सभेला म्हणतो. मत द्यायला हात वर केला की भागते. सूचना मांडायची तर वर जावे लागते.

या चष्म्याचेही एक उणे आहे, ते आबांनीच काढले. उतार चढून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "मग माझे हात का दुखले नाहीत?" बरोबरच आहे. हातातले बटण दाबले की माणूस लोण्यासारखा वर सरकतो. चढ डोळ्यांना दिसतो, दंडांना कळत नाही. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या वास्तुरचनाकार व अभियंत्यांनी यावर उपाय केला, त्याची माहिती त्यांनी २००० साली मांडली. माणूस आपल्याच खुर्चीत बसतो, खुर्चीची चाके रूळांवर ठेवलेली असतात आणि समोर इमारतीचे चित्र. चित्रात चढ आला की रूळ जड होतात, भिंतीला धडक बसली तर तीही कळते. तसले यंत्र आपल्याकडे कोठून येणार! शिवाय चष्म्याने आमच्यातल्या एकाला असे गरगरले की चहा पिऊनही उतरेना.

तेव्हा दंडांची परीक्षा आपल्याच पद्धतीने घ्यायची ठरली आहे. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वजनकाट्यामागच्या मोकळ्या जागेत नव्या तळमजल्याची फक्कीने पूर्ण मापात आखणी होईल. दारांच्या जागी बांबू उभे करू, कट्ट्याच्या उंचीला टेबले लावू, आणि १ ला १२ चा मातीचा उतार धुमसून तयार ठेवू. खुर्चीवाले, काठीवाले, गुडघे धरलेले आणि ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्या सर्वांनी यावे. न्यायला-आणायला शेती खात्याची जीप मिळेल; आपल्या गटाच्या चिटबॉयकडे शनिवारपर्यंत नाव द्यावे. आबा येणार आहेत. व्यासपीठाच्या तीन पायऱ्यांचे काय करायचे ते तिथेच, त्यांच्यासमोर ठरेल. त्याआधी नकाशावर सही करू नये, असे आम्ही कार्यकारी संचालकांना कळवले आहे.