मोठे जहाज आणि लहान होडी

मुंबईला आपल्या आरमाराचा मोठा तळ आहे. आज एक मोठे लढाऊ जहाज बांधायचे तर हजारो कोटी रुपये लागतात. तरी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री काय झाले? कराचीहून निघालेल्या दहा जणांनी वाटेत आपली ‘कुबेर’ नावाची मासेमारीची बोट पळवली. मग रबरी होडीतून ते कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. आरमाराचा तळ तिथून जेमतेम कोसभर! कोळ्यांनी त्यांना हटकलेही. पण पुढे १६६ माणसे प्राणास मुकली. जिवंत सापडला एकच. त्याची बंदूक धरून ठेवली तुकाराम ओंबळे या पोलिसाने. हातात नुसती लाठी. गोळ्या लागल्या, प्राण गेला, पण पकड सोडली नाही.

मग फौजेवरचा पैसा वाया जातो काय? तसे आमचे म्हणणे नाही. सीमेवर परकी फौज उभी असली तर तोफा, विमाने हवीतच. पण मासेमारीच्या बोटीत बसलेला शत्रू तोफेला कसा ओळखू यावा?

पुढे किनाऱ्यावर पोलीस ठाणी वाढली, कोळ्यांना ओळखपत्रे मिळाली. जहाजाच्या मानाने हा खर्च थोडका. तो आधीच व्हायला हवा होता, असे आम्हांस वाटते. कोळी मंडळी तर रोजच समुद्रावर असतात. अनोळखी होडी आधी दिसते ती त्यांनाच.