एका सेकंदाच्या चोवीस चौकटी

२ मार्च २०२५ रोजी ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा पुरस्कार 'फ्लो' या लॅट्वियाच्या चित्रपटाला मिळाला. पुरात सापडलेले एक काळसर मांजर, त्याच्यासोबत एका नावेत आलेले कुत्रा, कॅपिबारा, लेमूर आणि एक उंच पायांचा पक्षी. अख्ख्या चित्रपटात एकही संवाद नाही. खर्च सुमारे ३५ लाख युरो. हॉलिवूडचे मोठे अ‍ॅनिमेशनपट याच्या कितीतरी पट पैसा गिळतात. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस यांनी पाण्याला भिणाऱ्या मांजराची ही कल्पना पहिल्यांदा हाताळली ती शाळेत असताना, 'अ‍ॅक्वा' नावाच्या एका छोट्या लघुपटात. पुढे ते कुठल्याही चित्रपट-विद्यालयात गेले नाहीत. एक लघुपट संपला की दुसरा, असे करत शिकले. आणि 'फ्लो' ज्या सॉफ्टवेअरमध्ये घडला ते ब्लेंडर आपल्या कोणत्याही तालुक्यातल्या शाळेला फुकट उतरवून घेता येते.

शाळेच्या संगणक कक्षात हे साधन आले, की मुलांना त्यातून काय शिकवायचे? मेन्यूतली बटणे पाठ करून घ्यायची, की पहिल्या आठवड्यापासून काहीतरी बनवायला द्यायचे? जगभर अनेक शाळांतल्या शिक्षकांनी दुसरी वाट धरली. तीच का बरोबर, याचे उत्तर ब्लेंडरच्या स्वतःच्या इतिहासातच सापडते.

बुडालेली कंपनी, वाचलेले साधन

ब्लेंडरचा जन्म १९९४चा. नेदरलँड्समधल्या 'निओजिओ' या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत टोन रोझेंदाल यांनी ते स्टुडिओच्या स्वतःच्या वापरासाठी लिहायला घेतले. पुढे ते विकण्यासाठी 'नॉट अ नंबर' नावाची कंपनी निघाली आणि २००२च्या सुरुवातीला ती बुडाली. सॉफ्टवेअरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. रोझेंदाल यांनी त्यांच्याशी सौदा केला: एक लाख युरो द्या आणि मूळ संकेत (सोर्स कोड) मोकळा करून घ्या. जगभरच्या वापरकर्त्यांनी ही रक्कम सात आठवड्यांत जमवली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांसाठी मुक्त झाले.

साधन मुक्त झाले, पण अजून कच्चे होते. ते सुधारायचे कसे? रोझेंदाल यांनी कलाकार आणि प्रोग्रामर एका खोलीत बसवले आणि सांगितले, चित्रपट करा. २००६चा 'एलिफंट्स ड्रीम' हा त्यातला पहिला. २००८च्या 'बिग बक बनी'साठी सशाची लव आणि कुरणातले गवत हवे होते, म्हणून केस आणि गवत उगवण्याची यंत्रणा सुधारली. २०१२च्या 'टिअर्स ऑफ स्टील'मध्ये खऱ्या नटांचे चित्रीकरण आणि संगणकीय यंत्रमानव एका दृश्यात बसवायचे होते, म्हणून कॅमेऱ्याची हालचाल हुडकण्याची सोय आली. प्रत्येक चित्रपटाने एक अडचण पुढे केली आणि त्या अडचणीने साधन एक पायरी वर चढले. ज्या साधनाने मुले प्रकल्पांतून शिकतात, ते साधनही प्रकल्पांतूनच शिकत आले आहे. शिवाय या चित्रपटांच्या मूळ फायलीही खुल्या आहेत. 'बिग बक बनी'चा ससा उघडून त्याच्या आत कोणती हाडे कुठे बसवली आहेत, हे नववीतला मुलगाही पाहू शकतो.

पहिला प्रकल्प: चेंडू

अ‍ॅनिमेशनच्या जवळजवळ प्रत्येक वर्गाचा पहिला प्रकल्प एकच असतो, उसळणारा चेंडू. ब्लेंडर उघडले की मध्यभागी एक घन, एक कॅमेरा आणि एक दिवा दिसतो. घन काढायचा, गोल आणायचा. पहिल्या चौकटीत तो वर ठेवून कीफ्रेम नोंदवायची, बाराव्या चौकटीत जमिनीवर, मग पुन्हा वर. या नोंदलेल्या स्थितींमधल्या चौकटी संगणक स्वतः भरतो. पूर्वी स्टुडिओत ही मधली चित्रे सहायक चित्रकार काढत.

मग मुले प्ले करतात आणि चेंडू उसळत नाही, तरंगतो. पाण्याखाली असल्यासारखा जमिनीशी अलगद टेकतो आणि अलगद वर जातो. कारण असे, की कीफ्रेमजवळ आले की वेग हळूहळू कमी करायचा, हा ब्लेंडरचा मूळ हिशेब. वर, शिखराशी, ते बरोबर आहे. जमिनीशी चूक आहे, कारण खरा चेंडू जमिनीवर आदळतो तेव्हाच त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. ग्राफ एडिटर उघडून जमिनीवरच्या बिंदूचा गोलवा काढला आणि तिथे टोक आणले, की चेंडू एकदम जिवंत होतो. संगणक मधले सगळे भरून देतो, पण काय घडते आहे हे त्याला कळत नाही. ते सांगायची जबाबदारी मुलावर येते.

इथून गणित आणि विज्ञान आपोआप आत येतात. महाराष्ट्र मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. चित्रपटाच्या सेकंदात २४ चौकटी असतात. साधारण सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू अर्ध्या सेकंदात, म्हणजे १२ चौकटींत, जमिनीवर येतो. पहिल्या सहा चौकटींत तो जेमतेम ३० सेंटिमीटर खाली येतो आणि उरलेल्या सहांत ९० सेंटिमीटरहून अधिक. हे मुलीने एकदा टाइमलाइनवर मांडले, की गतीच्या समीकरणातला 'टी'चा वर्ग तिला डोळ्यांनी दिसतो. दर उसळीची उंची मागच्या उसळीच्या ६४ टक्के ठेवली, तर हवेतला वेळ मागच्या वेळेच्या ८० टक्के येतो, कारण ०.६४चे वर्गमूळ ०.८. आदळताना चेंडू चपटा करायचा तर उंची निम्मी केल्यावर रुंदी किती वाढवायची? दुप्पट केली तर चेंडू फुगल्यासारखा दिसतो. घनफळ तेवढेच राहायला लांबी आणि रुंदी प्रत्येकी √२ पट, म्हणजे १.४१ पट करावी लागते. करणी संख्या परीक्षेबाहेर कुठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्याला हे उत्तर पुरते.

चपटे होणे आणि ताणणे हे डिस्नेच्या अ‍ॅनिमेटरांनी रुजवलेल्या बारा तत्त्वांपैकी एक. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ही बारा तत्त्वे १९८१ साली पुस्तकात मांडली. १९८६च्या 'लक्सो ज्युनिअर'मध्ये पिक्सारने दोन टेबललॅम्पना हीच तत्त्वे लावली. लॅम्पला तोंड नाही, डोळे नाहीत. तरी त्यातला एक मोठा आणि एक लहान मूल, हे प्रेक्षकाला नुसत्या हालचालीवरून कळते. वर्गात हा दोन मिनिटांचा लघुपट चेंडूनंतर लगेच दाखवावा. तोवर मुलांना त्यात काय पाहायचे ते कळलेले असते.

दुसरा प्रकल्प: वजन आणि चाल

चेंडूनंतर तोच गोल तीन वेळा करायचा: एकदा टेबल टेनिसचा चेंडू, एकदा लोखंडी गोळा, एकदा फुगा. रंग, आकार बदलायचा नाही, फक्त वेळ बदलायची. मग वर्गातल्या दुसऱ्या मुलाने ओळखायचे, कोणता काय आहे. वजन दिसते ते चौकटींच्या हिशेबात, हे या एका खेळाने जितके पक्के होते तितके व्याख्यानाने होत नाही.

पुढचा टप्पा चालण्याचा. इथे पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवावा लागतो. त्याला रिग म्हणतात. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली ज्यांनी पाहिली आहे त्यांना रिग समजावून सांगावी लागत नाही: एक दोरी ओढली की गुडघा वाकतो, दुसरी ओढली की मान वळते, आणि कोणती दोरी कधी ओढायची हे हातालाच माहीत असते. शाळेत मुलांनी रिग स्वतः बांधू नये, तयार घ्यावी. नाहीतर सत्र सांगाड्यातच संपते.

चालीसाठी चार स्थिती लागतात: टाच टेकलेली, शरीर खाली गेलेले, एक पाय दुसऱ्याला ओलांडताना, आणि शरीर वर उचललेले. साधारण बारा चौकटींना एक पाऊल. मुले पहिल्या प्रयत्नात उजवा हात आणि उजवा पाय एकदमच पुढे नेतात. आयुष्यभर चाललेल्या मुलाला आपण कसे चालतो ते सांगता येत नाही! मग मोबाइल बाहेर निघतो. व्हरांड्यात एक चालतो, दुसरा चित्रीकरण करतो, आणि सगळे ते थांबवून थांबवून पाहतात. गुडघेदुखी असलेली आजी जिना कसा उतरते, पाठीवर दप्तर असले की मान किती पुढे जाते, हे त्या दिवसापासून मुले पाहू लागतात. या वर्गाची खरी कमाई हीच.

तिसरा प्रकल्प: तीस सेकंद

शेवटचा प्रकल्प गटाचा: चार-पाच जणांनी मिळून तीस सेकंदांचा चित्रपट. पहिल्या बैठकीत पानिपतची लढाई ठरते. शिक्षकाने फळ्यावर गुणाकार मांडावा: ३० गुणिले २४ म्हणजे ७२० चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत प्रत्येक घोडा. दुसऱ्या बैठकीत सैन्य दोन शिपायांवर येते, तिसरीत गोष्ट डबा उघडत नसलेल्या एका मुलावर स्थिरावते. एक पात्र, एक जागा, एक इच्छा, एक अडथळा एवढ्यात ती बसवली, तरच ती पुरी होते. हे काटणे हाच धडा आहे. मोठे ठरवून अर्धवट सोडलेल्या कामापेक्षा लहान ठरवून पुरे केलेले काम अधिक शिकवते.

कामाची वाटणी होते: कुणी स्टोरीबोर्ड, कुणी मॉडेल, कुणी हालचाल, कुणी प्रकाश, कुणी ध्वनी. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरेच' अशा नावांच्या फायली साचल्या आणि चुकीच्या फाइलवरून अंतिम चित्रे निघाली, की नावांना तारीख आणि क्रमांक देण्याची शिस्त मुले आपणहून लावून घेतात. स्टुडिओंमध्ये अर्धवट काम रोज सर्वांसमोर दाखवायची पद्धत आहे, तिला डेलीज म्हणतात. वर्गात ती आठवड्यातून एकदा तरी पाळावी. नियम एकच: 'छान' किंवा 'वाईट' म्हणायचे नाही, कोणत्या चौकटीत काय खटकले ते सांगायचे.

शेवटी रेंडर, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक चौकटीचे अंतिम चित्र काढून घेणे. एका चौकटीला दोन मिनिटे लागली तर ७२० चौकटींना २४ तास. तेच काम दहा संगणकांवर वाटले, प्रत्येकाला ७२ चौकटी दिल्या, तर दोन तास चोवीस मिनिटे. शाळेचा संगणक कक्ष एका दुपारपुरता रेंडर फार्म होतो. आणि रेंडर थेट व्हिडिओ म्हणून करायचे नाही, चौकटीगणिक वेगळ्या चित्रांत करायचे. वीज चारशे बाराव्या चौकटीला गेली तर चारशे बारापासून पुढे सुरू करता येते.

आपल्याकडची परंपरा

चौकट-चौकट धीराने टिपण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करायचे तर आधी तंत्र हाती आले आहे हे दाखवणे भाग होते. म्हणून दादासाहेब फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चौकटीमागून चौकट टिपली. पुढे १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग उभा राहिला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले आणि रसायनशास्त्राचे शिक्षण घेतलेले राम मोहन तिथे प्रत्यक्ष काम करत अ‍ॅनिमेटर झाले. १९७४चा विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' हा लघुपटही फिल्म्स डिव्हिजनचाच. दूरदर्शन पाहत वाढलेल्या पिढीला त्यातल्या चिमण्या अजून आठवतात. आणि हाताने काम करत शिकण्याचा आग्रह तर १९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेत गांधीजींनी नई तालीम म्हणून देशापुढे ठेवला होता. चरख्याच्या जागी संगणक आला, एवढाच फरक.

अडचणी खऱ्या आहेत. शाळांचे संगणक जुने असतात आणि ब्लेंडरची नवी आवृत्ती त्यांवर चालत नाही. पण जुन्या आवृत्त्या संस्थळावर आजही मिळतात आणि चेंडू, चाल, तीस सेकंदांची गोष्ट यांना त्या पुरतात. पस्तीस मिनिटांची तासिका फाइल उघडण्यातच संपते, म्हणून जोडतासिका हवी. शिक्षकाला सगळे सॉफ्टवेअर येण्याची गरज नाही. मुले बटणे त्याच्याआधी शोधतात. त्याने वेळ पाळायची, गोष्ट लहान ठेवायची आणि 'हे खरे वाटते का?' हा प्रश्न सोडायचा नाही. करिअरचे आमिषही दाखवू नये. वर्गातली बहुतेक मुले अ‍ॅनिमेटर होणार नाहीत आणि नोकरीची हमी कुणी देऊ शकत नाही. वाक्य लिहिताच चित्रफीत काढून देणारी यंत्रे आता आली आहेत, मग चेंडू कशाला, असेही विचारले जाईल. यंत्राने दिलेली चित्रफीत कुठे खोटी पडते हे ओळखायला, एकदा तरी स्वतःच्या हाताने बारा चौकटी नीट कराव्या लागतात.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि संगणक शिक्षकांना एक विनंती. येत्या जूनमध्ये आठवी-नववीच्या एका तुकडीला आठवड्यातून एक जोडतासिका द्या. दिवाळीच्या सुट्टीआधी चेंडू आणि चाल पुरी करा, सुट्टीनंतर तीस सेकंदांचे चित्रपट घ्या आणि ते स्नेहसंमेलनात पालकांपुढे पडद्यावर दाखवा. सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. वेळापत्रकात तेवढी जागा तुम्ही करून द्या.