चिलखत जाड, पण रात्री डोळेच नाहीत: इटलीच्या झारा क्रूझरची गोष्ट

(ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी तसंच आहे.)

आजचा भाग तीन जहाजांबद्दल आहे. झारा, फ्युमे आणि पोला. इटलीच्या नौदलाच्या हेवी क्रूझर. २८ मार्च १९४१ च्या रात्री, ग्रीसच्या दक्षिणेला मातापान नावाचं भूशिर आहे त्याच्या नैऋत्येला, काही तासांत तिन्ही बुडाल्या. त्या काळातल्या हेवी क्रूझरमध्ये यांच्याइतकं जाड चिलखत फार थोड्यांकडे होतं. तरीही त्या रात्री त्यांच्या मोठ्या तोफांमधून एक गोळाही सुटला नाही. असं का झालं, ते बघू.

सुरुवात कागदापासून करावी लागेल. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या देशांनी ठरवलं की क्रूझर जास्तीत जास्त १०,००० टनांची आणि तिच्या तोफा जास्तीत जास्त २०३ मिलिमीटरच्या. आता तुम्ही ठरलेल्या बजेटमध्ये फोन घ्यायला जाता तेव्हा काय होतं? कॅमेरा चांगला हवा तर बॅटरीवर तडजोड. इथे बजेट टनांत होतं. तोफा, वेग आणि चिलखत, तिन्ही एकदम भारी मिळणं शक्यच नव्हतं.

इटलीने आधी वेग निवडला. त्रेंतो आणि त्रिएस्ते या जोडीचा वेग ३५ नॉट, पण बाजूचं चिलखत फक्त ७० मिलिमीटर. मग पुढच्या चार जहाजांसाठी विचार बदलला: झारा, फ्युमे, गोरित्सिया आणि पोला. यांचं चिलखत १५० मिलिमीटर, म्हणजे दुप्पटीहून जास्त, आणि वेग थोडा कमी, ३२ नॉटच्या आसपास. मला विचाराल तर कागदावर हे डिझाइन त्या काळातल्या सगळ्यात शहाण्या डिझाइनपैकी एक. अडचण एकच. ते १०,००० टनांत बसत नव्हतं. प्रत्यक्ष वजन ११,५०० टनांच्या वर गेलं. जाहीर आकडा मात्र १०,०००!

ही लबाडी कशी उघडी पडली तोही किस्साच आहे. ऑगस्ट १९३६ मध्ये गोरित्सिया टँजियरला असताना तिच्यावरच्या विमानाच्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला आणि नाक फुटलं. दुरुस्तीसाठी जवळची गोदी कुठली, तर जिब्राल्टर. म्हणजे ब्रिटिशांची. जहाज गोदीत आलं की त्याचं खरं वजन काढणं ब्रिटिश इंजिनिअरांना काही अवघड नव्हतं. त्यांना कळायचं ते कळलं.

वेगाच्या आकड्यांचंही तसंच. करारातल्या वेगापेक्षा जास्त वेग काढून दाखवला की जहाज बांधणाऱ्या कंपनीला बोनस मिळायचा. मग चाचणीच्या वेळी जहाज शक्य तितकं हलकं ठेवायचं, आणि झारा ३५ नॉटच्या वर पळाली. आपल्याकडे फोन कंपन्या बेंचमार्कपुरता प्रोसेसर पळवतात ना, अगदी तोच प्रकार.

तोफांचं दुखणं याहून गंभीर. प्रत्येक बुरुजात दोन तोफा, आणि वजन-जागा वाचवायला दोन्ही एकाच पाळण्यात, एकमेकींना खेटून बसवलेल्या. एकदम झाडल्या की जवळून जाणारे दोन गोळे एकमेकांना हवेत ढकलतात आणि भलतीकडेच पडतात. त्यात गोळे आणि दारूचे भार मोजूनमापून सारखे नसायचे. तोफ लांब मारायची, ३० किलोमीटरच्या आसपास. पण एका फैरीतले गोळे इतके पसरायचे की लक्ष्य मधल्या मोकळ्या पाण्यात आरामात राहायचं.

हे २८ मार्चच्या सकाळीच दिसलं. ॲडमिरल याकिनो विट्टोरिओ व्हेनेतो ही बॅटलशिप आणि क्रूझर घेऊन क्रीटच्या दिशेने निघाला होता, ब्रिटिशांचे ग्रीसकडे जाणारे ताफे पकडायला. गावदोस बेटाजवळ त्रेंतो, त्रिएस्ते आणि बोल्झानो यांनी ब्रिटिश क्रूझरचा पाठलाग करत ५०० हून जास्त गोळे झाडले. लागला किती? एकही नाही.

आणि याकिनोला माहीत नव्हतं की त्याची वाट बघितली जातेय. इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला मेव्हिस लिव्हर नावाच्या १९ वर्षांच्या मुलीने इटालियन नौदलाचा सांकेतिक संदेश फोडला होता: तीन दिवसांनी काहीतरी मोठं होणार. ब्रिटिश ॲडमिरल कनिंगहॅम अलेक्झांड्रियात होता. तिथला जपानी वकील बंदरावर नजर ठेवून असायचा, म्हणून २७ तारखेला कनिंगहॅम त्याच्यादेखत बॅग घेऊन गोल्फ खेळायला गेला, जणू आज रात्री जहाजावर परतायचंच नाही. अंधार पडल्यावर गुपचूप जहाजावर आला आणि तीन बॅटलशिप व एक विमानवाहू जहाज घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रिटिश विमानांनी विट्टोरिओ व्हेनेतोला टॉर्पेडो मारला. ती सावरली आणि घराकडे वळली. संध्याकाळी पुन्हा हल्ला झाला आणि यावेळी टॉर्पेडो पोलाला लागला. एकच. पण नेमका अशा जागी की इंजिनं बंद, वीज बंद. वीज नाही म्हणजे बुरुजही फिरत नाहीत. १५० मिलिमीटर चिलखताचा इथे काहीच संबंध नव्हता, टॉर्पेडो पाण्याखालून आला होता.

आता खरा प्रश्न. पोलाला सोडायचं की परत जायचं? याकिनोच्या हिशेबाने ब्रिटिश बॅटलशिप अजून खूप मागे होत्या. दोन विनाशिका पाठवाव्यात, असं झाराचा ॲडमिरल कात्तानेओने सुचवलं. याकिनोने अख्खी तुकडी पाठवली: झारा, फ्युमे आणि चार विनाशिका. त्याला दोष देणं आज सोपं आहे. पण जहाजावर हजारेक माणसं अडकलेली असताना दोन छोट्या विनाशिकांनी ते सगळं करायचं, हे त्याला पटलं नाही. निर्णय माणुसकीचा होता, माहिती चुकीची होती.

कात्तानेओ रांगेने निघाला आणि विनाशिका पुढे न ठेवता मागे ठेवल्या. मोठ्या तोफा सरळ रेषेत, लढाईला तयार नसलेल्या. हा आळस नव्हता. इटालियन नौदलाचा नियमच असा होता की मोठी जहाजं रात्री लढत नाहीत. त्यामुळे रात्रीचा सराव नाही, भडका न दाखवणारी दारू नाही, रडार तर नाहीच.

ब्रिटिश व्हॅलियंटवर रडार होतं. रात्री दहाच्या सुमारास त्यावर पोला ठिपका म्हणून दिसली. तिच्याकडे वळत असतानाच समोरून झारा आणि फ्युमे आडव्या गेल्या, साधारण साडेतीन किलोमीटरवरून. साडेदहाच्या आत सर्चलाइट लागले आणि ३८१ मिलिमीटरच्या तोफा सुटल्या. असा एक गोळा जवळपास ८७० किलोचा. इतक्या जवळून त्याच्यापुढे क्रूझरचं कुठलंच चिलखत टिकत नाही. काही मिनिटांत दोघी पेटल्या. व्हॅलियंटवर सर्चलाइट सांभाळणारा एक पोरगा होता, नाव फिलिप. हो, तोच, पुढे राणी एलिझाबेथचा नवरा झालेला.

दोन विनाशिकाही गेल्या, अल्फिएरी आणि कार्दुच्ची. पहाटे पोलावरच्या माणसांना उतरवून ब्रिटिशांनी तिलाही बुडवलं. इटलीची २,३०० हून जास्त माणसं मेली, त्यात कात्तानेओही. ब्रिटिशांचं एक विमान आणि त्यातले तिघे. सकाळी ब्रिटिश विनाशिका पाण्यातली माणसं उचलत होत्या, पण जर्मन विमानं दिसल्यावर थांबावं लागलं. कनिंगहॅमने मग उघड रेडिओवर जागा कळवली, आणि ग्रादिस्का हे इटालियन इस्पितळ जहाज तिथे पोचलं.

रडारबद्दल एक सांगायचं राहिलं. इटलीकडे ते अगदीच नव्हतं असं नाही. उगो तिबेरिओ नावाचा इंजिनिअर १९३० च्या दशकापासून लिव्होर्नोच्या नौदल अकादमीत त्याच्यावर काम करत होता, जेमतेम पैशांत आणि हाताशी फारशी माणसं नसताना. मातापाननंतर कुठे त्याच्या कामाला वेग मिळाला. त्यातून जे यंत्र आलं त्याचं नाव गुफो, म्हणजे घुबड.